जुनी जीपगाडी : पारख आणि भरवसा

डोंगराळ व दुर्गम भागात ज्या शेतकऱ्यांचे मळे पक्क्या सडकेपासून दूर आहेत, त्यांना चारही चाकांना जोर मिळणारी गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पावसाळ्यात शेतरस्ता चिखलाने भरला, की भाजीपाल्याच्या पाट्या बाजारपेठेच्या वेळेत पोहोचत नाहीत, खताची पोती बांधावर येत नाहीत आणि घरात कोणी आजारी पडल्यास त्यास डांबरी रस्त्यापर्यंत आणणे कठीण होऊन बसते. नव्या गाडीची किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात नसते. त्यामुळे जुनी जीप घेण्याकडे त्याचा ओढा असतो, व ते स्वाभाविक आहे. परंतु एका पिकाचा सारा पैसा घालून घेतलेली गाडी जर ऐन सुगीत मिस्त्रीच्या दारात उभी राहिली, तर गाडीही जाते आणि पीकही जाते. म्हणून खरेदीपूर्वी काय पाहावे आणि खरेदीनंतर गाडीवर कितपत विसंबून राहावे, ह्याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वतः करून घेऊन शेतकरी बंधूंना द्यावी, हे इष्ट होय.

जीप हे वाहन मुळात दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी तयार झाले. चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि पोलादी पाट्यांवर बसविलेली साधी चौकट, एवढाच त्याचा पसारा होता. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग आणवून त्या येथे जुळविण्यास प्रारंभ केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यावर विकास गटांच्या जीपगाड्या खेडोपाडी दिसू लागल्या. पुढे डिझेल इंजिनाच्या जीपा आल्या आणि २०१० मध्ये त्याच घराण्यातील 'थार' आली. ह्या सर्व गाड्यांची जात एक असल्याने त्यांचे गुणदोषही पुष्कळसे सारखे आहेत. रचना साधी असल्याने त्या दुरुस्त करता येतात, हा त्यांचा मोठा गुण. मात्र दुरुस्त करता येते ह्याचा अर्थ ती बिघडत नाही असा नव्हे, आणि विकणारा नेमका हाच घोटाळा गिऱ्हाइकाच्या मनात उभा करीत असतो.

खरेदी केव्हा करावी

बहुतेक खरेदी वैशाखात, मृगाच्या तोंडावर होते. ही वेळ सर्वांत वाईट. गाडीचे दोष कळण्याआधीच पाऊस सुरू होतो आणि पहिला बिघाड चिखलात होतो. त्याऐवजी दिवाळीनंतर गाडी घ्यावी. मधला हिवाळा दुरुस्तीस मिळतो, चैत्र-वैशाखाच्या उन्हात रेडिएटरची परीक्षा होते आणि पावसाळा येईपर्यंत गाडीचा स्वभाव मालकास कळलेला असतो.

गाडीचा पूर्वेतिहास

किलोमीटर दाखविणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या गाड्यांत हा आकडा एका तारेने फिरतो आणि ती तार सोडून ठेवण्यास फारशी हुशारी लागत नाही. क्लच व ब्रेकच्या पायटांवरील रबर किती झिजले आहे, चालकाच्या बाजूची बैठक किती दबली आहे, दाराचे बिजागर किती खाली आले आहे, ह्यावरून गाडी किती राबली ते अधिक खरे कळते. गाडीने पूर्वी कोणते काम केले हे जरूर विचारावे. जी जीप वर्षानुवर्षे वडाप करीत होती, तिने पंधरा-वीस माणसे घेऊन घाट चढलेले असतात. तिचे पाटे, क्लच आणि मागील आस ही सारी थकलेली असतात, मग वरचा रंग कितीही नवा असो. रंग नवा असेल तर उलट अधिक संशय घ्यावा. ज्या गाडीने भातखाचरात व समुद्रकाठी दिवस काढले, तिच्या चौकटीत गंज शिरलेला असण्याचा संभव फार. कोकणातील खारी हवा आणि पेटीसारख्या चौकटीत अडकून राहिलेला ओला चिखल, ही दोन्ही मिळून पोलाद आतून खातात.

म्हणून प्रथम गाडीखाली निजून चौकट पाहावी. पाटे जेथे बसविले आहेत त्या जागा, पुढील टोक आणि आडवे दांडे ह्यांवर लहान हातोडीने ठोकून पाहावे. चांगले पोलाद खणखणीत वाजते. गंजलेल्या जागी बद्द आवाज येतो व पापुद्रे सुटतात. वेल्डिंगची नवी ठिगळे दिसल्यास कारण विचारावे. इंजिन बदलता येते, गिअर-पेटी बदलता येते. परंतु चौकट सडलेली गाडी फुकट मिळाली तरी महागच पडते.

इंजिनाची परीक्षा

गाडी पाहावयास जाताना सकाळी लवकर जावे आणि ती आधी चालू करून ठेवू नये असे मालकास कळवावे. गरम इंजिन आपले बरेच दोष झाकते. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून पाहावे (गरम असताना ते कदापि उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते). पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा तेल मोजण्याच्या पट्टीवर दुधासारखा फेसाळ थर दिसेल, तर पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत आहेत असे समजावे.

सुरू केल्यावर धूर पाहावा. डिझेल गाडीने थंडीत आरंभी थोडा पांढरा धूर सोडला तर चिंता नको. तो गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर चिंता करावी. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा धूर हवेची चाळण तुंबल्याने किंवा डिझेल सोडणाऱ्या नोझलच्या दोषाने येतो आणि तो बहुधा थोड्या खर्चात सुधारतो. यानंतर इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढावे. तेथून जोराने व सतत भपकारे येत असतील तर पिस्टनच्या कड्या झिजलेल्या आहेत. मिस्त्री ह्यास 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. अशी गाडी सपाट रस्त्यावर बरी चालते, पण भरलेला ट्रेलर घेऊन चढ आला की गुडघे टेकते.

चार चाकांचा जोर

जीप घ्यावयाची ती ह्याच गुणासाठी, आणि खरेदीच्या वेळी पारख होत नाही ती ह्याचीच. विकणारा तरफ ओढून दाखवितो व 'फोर-व्हील चालू आहे' म्हणतो. तरफ हलली एवढ्याने काही सिद्ध होत नाही. कित्येक गाड्यांत पुढील चाकांकडे जाणारा दांडा काढून ठेवलेला असतो, किंवा पुढील आसातील दाते तुटलेले असतात.

साधी परीक्षा अशी. सपाट जागी मागील दोन्ही चाकांना पुढून व मागून मोठे दगड लावून हातब्रेक ओढावा आणि इंजिन बंद ठेवावे. एक पुढील चाक जॅकवर उचलावे व त्या बाजूखाली आधारास लाकडी ठोकळा द्यावा. फोर-व्हील सोडलेले असताना ते चाक हाताने फिरले पाहिजे. मग दोन्ही पुढील चाकांचे हब, ते असल्यास, जोडून घ्यावे व तरफ फोर-व्हीलमध्ये टाकावी. आता तेच चाक थोडे मागेपुढे होऊन अडले पाहिजे. न अडता सरळ फिरत राहिले तर जोर मधेच कोठेतरी तुटत आहे. थोडी ढिलाई जुन्या गाडीत असतेच; मात्र चाक पाव फेरी फिरून मग अडत असेल तर सांधे व दाते बरेच झिजले आहेत. ही परीक्षा करताना कोणीही गाडीखाली जाऊ नये.

पुढील व मागील आसांच्या पेटीतील तेलाचा बूच किंचित सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. ओढे ओलांडणाऱ्या गाडीत हे सर्रास आढळते. आस चालून गरम झालेला असतो. तो एकदम गार पाण्यात गेला की आतील हवा आकसते आणि सिलातून पाणी आत ओढले जाते. ह्यासाठी पेटीवर हवा जाण्यायेण्याची लहान नळी असते. ती चिखलाने बुजलेली असेल तर पाणी शिरण्याचे प्रमाण वाढते. काडीने साफ करावयाच्या एका नळीपायी हजारोंच्या बेअरिंग जातात, ही गोष्ट फार थोड्या मालकांना ठाऊक असते.

कागदपत्रे

चौकटीवरील आणि इंजिनावरील क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी स्वतः ताडून पाहावे. पेट्रोल जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसविल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. अशा बदलाची नोंद प्रमाणपत्रात नसल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा भंग होतो, आणि अपघाताच्या वेळी विमा कंपनी तेच कारण पुढे करू शकते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ते त्याहूनही वाढविण्यात आले. सरकारी कार्यालयातून निघालेली जीप आहे असे कोणी सांगितल्यास तिचे वय आधी विचारावे. १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू राहत नाही, त्या भंगारातच जावयाच्या असतात.

नाव बदलण्यासाठी नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात. गाडी कर्जावर घेतलेली असल्यास कर्ज फिटल्याबद्दल नमुना ३५ हवा. गाडी घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे. केवळ शंभराच्या मुद्रांकावर लिहून घेऊन वर्षानुवर्षे गाडी वापरण्याची जी रूढी पडली आहे, तिच्यात विकणारा आणि घेणारा दोघेही धोक्यात असतात. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक समजून अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विकणाऱ्या शेतकऱ्यासही ही गोष्ट समजावून सांगावी. नाव बदलण्याची घाई मग तोच करील.

भरवसा कसा बसतो

गाडी घरी आणल्यावर ठरलेल्या किमतीच्या निदान चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम दुरुस्तीसाठी हाताशी असावी. ती नसेल तर त्या मानाने स्वस्त गाडी घ्यावी. प्रथम इंजिन, गिअर-पेटी, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही आसांतील तेल बदलावे, ब्रेकचे तेल बदलावे, फॅनचा पट्टा व रेडिएटरच्या रबरी नळ्या नव्या घालाव्या. जुन्या नळ्या चांगल्या दिसत असल्या तरीही बदलाव्या. जुनी गाडी वाटेत थांबते ती बहुतेक वेळा असल्या स्वस्त वस्तूंनीच. सांध्यांना व पाट्यांच्या पिनांना ग्रीस द्यावे.

पहिला महिना गाडी गावापासून तालुक्यापर्यंतच न्यावी, आणि एक वही गाडीत ठेवावी. डिझेल किती घातले, तेल किती कमी झाले, रेडिएटरमध्ये पाणी किती टाकले, कोणता आवाज कधी आला, हे तारखेसह लिहावे. तेल दर आठवड्यास सारखेच कमी होत असेल तर त्या गाडीवर विसंबता येते. मालकास तिचा खर्च ठाऊक आहे. कालपर्यंत होत नव्हते आणि आज एकाएकी अर्धा लिटर कमी झाले, तर त्या दिवशी लांबचा प्रवास करू नये. जुन्या गाडीत दोष असणारच. पण ज्या दोषाची चाल वहीवरून कळते, तो सहसा फसवीत नाही.

फोर-व्हीलचा उपयोग चिखल, वाळू व निसरड्या चढावरच करावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढील व मागील चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात. दोन्ही जोडलेली असल्यास ताण दात्यांवर येतो आणि तरफ अडकून बसते. टायर चारही एकाच मापाचे असावे, हेही त्याच कारणाने. जुन्या जीपमध्ये प्रथम पुढील चाके जोडून मगच 'लो' टाकावा लागतो. तरफ महिन्यातून एकदा तरी मोकळ्या मातीत वापरावी. वर्षभर न हललेली तरफ नेमकी पावसात हलत नाही.

ओढ्यात गाडी घालण्यापूर्वी एकाने काठीने खोली पाहावी. पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर असेल, किंवा वाहत्या पाण्याचा तळ दिसत नसेल, तर थांबावे. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढले तर आतील दांडे वाकतात व इंजिन त्याच जागी संपते. पलीकडे गेल्यावर हळू चालवीत ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबावे, म्हणजे ड्रममधील पाणी सुकते. गाडीत जॅक, पाने, एक जादा पट्टा, पाण्याचा डबा, फावडे आणि टोचनासाठी जाड दोर असावा. पावसाळ्यात रुग्णास न्यावयाचे असल्यास निघण्यापूर्वी पलीकडच्या वाडीत निरोप देऊन दुसरे वाहन अगर ट्रॅक्टर तयार ठेवण्यास सांगावे. गाडीची वही कितीही चांगली असली तरी त्या रात्री ओढ्याच्या अलीकडे एकट्या गाडीवर विसंबून निघू नये.