जीपचा पुढचा अ‍ॅक्सल आणि दातांचा हिशेब

उन्हाळ्याच्या सुटीत मी उज्जैनला मामांकडे गेलो होतो. शेतावर जाण्यासाठी त्यांनी एक जुनी जीप ठेवली आहे. तिच्या पुढच्या बाजूने घूं-घूं असा आवाज येऊ लागला, म्हणून आम्ही ती देवास गेटजवळच्या एका मिस्त्रींकडे नेली. तेथे दोन दिवस बसून जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्याकडील जीप मूळची दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन विलीज. १९४७ पासून महिंद्र कंपनी ती मुंबईत जुळवू लागली. हिच्या चारही चाकांना इंजिनाची शक्ती देता येते. त्यासाठी मागच्याप्रमाणे पुढच्या अ‍ॅक्सलवरही डिफरन्शियल असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. हा फरक डिफरन्शियल सांभाळते. त्यातले मोठे दातेरी चक्र म्हणजे क्राउन आणि त्याला फिरवणारे छोटे ते पिनियन. पुढची चाके इंजिनाला जोडलेली नसली, तरी साध्या अ‍ॅक्सलमध्ये हा क्राउन चाकांबरोबर फिरतच राहतो.

मामा म्हणाले, "क्राउन-पिनियन बदलून टाकू." भंगार बाजारात जुना सेट स्वस्तात मिळत होता. मिस्त्री म्हणाले, "साहब, पहले तेल देखिए."

प्लग काढला तर आत तेल जवळजवळ नव्हतेच. अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना, चाक वळते तेथे, ग्रीसने भरलेला बंद गोळा असतो. आतले ऑइल सील झिजले की डिफरन्शियलचे तेल त्या गोळ्यात उतरते, ग्रीस पातळ करते आणि बाहेरच्या सीलमधून चाकावर गळते. इकडे पिनियन कोरडे पडते आणि आवाज करू लागते. म्हणजे दुखणे सीलचे आणि बोभाटा पिनियनचा!

मग झाकण उघडले. बेअरिंगच्या टोप्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांवर आधी खुणा केल्या. क्राउनचे दात शाबूत होते. पिनियनचे बेअरिंग मात्र गेले होते. नवे बसवल्यावर दातांना रंग लावून क्राउन फिरवला. रंगाचा ठसा दाताच्या मध्यभागी उमटला पाहिजे. तो बाजूला सरकला, तर पातळ पत्र्याच्या शिम घालून वा काढून पिनियन पुढेमागे करतात.

शेवटी मिस्त्रींनी दात मोजायला लावले. आमच्या क्राउनला ४३ आणि पिनियनला ८. भंगारातल्या सेटचे दात ३९ आणि ८ होते. युद्धकाळातील विलीजला हेच प्रमाण असे. मी वहीत हिशेब मांडला. मागची चाके १०० फेरे घेतील, तेव्हा पिनियनचे साधारण ५३८ फेरे होतात. तेवढ्याच फेऱ्यांत ३९ दातांचा क्राउन पुढच्या चाकांना ११० फेरे द्यायला पाहील. चिखलात चाके घसरून हा फरक निभेल. डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडली, तर तो ताण गिअरवर येऊन दात तुटतील. म्हणून दोन्ही अ‍ॅक्सलचे प्रमाण एकच हवे.

सील, बेअरिंग आणि तेल एवढ्यावर काम भागले. जमाखर्चात नफा घटला, तर आपण आधी गळती शोधतो. यंत्रालाही तोच नियम लागू आहे. मामांनी आता दर महिन्याला प्लग काढून तेल पाहायचे ठरवले आहे.