अंगणातली बाग : भाग ७
औषधाआधी झाडाची जागा पाहा

मागच्या भागात आपण किडी ओळखल्या. आज त्याच्या आधीचा प्रश्न. एकाच अंगणात, एकाच फांदीपासून लावलेल्या दोन जास्वंदी. एक पिठ्या ढेकणाने पांढरी पडलेली, दुसरी धडधाकट. असं का होतं?

पोलादपूर-महाडकडे याचं उत्तर बरेचदा भाताच्या खतात असतं. श्रावणात भाताला युरिया देऊन झाला की उरलासुरला मूठभर जास्वंदीच्या बुंध्याशी पडतो. गणपतीला फुलं मिळावीत, हा हेतू. झाड लगेच हिरवंगार होतं, लांब कोवळे धुमारे फेकतं. फुलं मात्र कमीच, कारण जादा नत्राने झाड पानांच्याच मागे लागतं. मावा आणि पिठ्या ढेकूण झाडाच्या रसावर जगतात. त्या रसात साखर भरपूर, पण अमिनो आम्लं तुटपुंजी असतात. युरियाने ती वाढली की किडीची वीणही वाढते. माव्याच्या मादीला तर नरही लागत नाही, ती थेट पिल्लंच घालते.

इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सरी कीड धुऊन नेतात, म्हणून तेव्हा काही जाणवत नाही. ऑक्टोबरचं ऊन तापलं की शेंड्याचं पान उलटून पाहा. शिरांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके, पान चुरडलेलं, खोडावर मुंग्यांची रांग. किडीच्या अंगातून झरणाऱ्या गोड चिकट द्रावासाठी मुंग्या येतात आणि किडीला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. त्याच द्रावावर काळी बुरशी धरते.

उन्हाचाही वाटा मोठा. उघड्यावरच्या झाडाचं पान जाड, चिवट होतं आणि त्यात किडीला न मानवणारी तुरट द्रव्यं जास्त तयार होतात. फणसाच्या दाट सावलीतलं पान पातळ राहतं. पागोळ्यांखाली लावलेल्या झाडाची मुळं पावसाळाभर पाण्यात कुजतात. मग पाऊस थांबल्यावर तेच झाड आधी माना टाकतं.

मोगऱ्याचं दुखणं वेगळं. उन्हाळ्यात मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला पानांवर धुळीचा थर बसतो. कोरडी, तापलेली हवा लाल कोळ्याला मानवते आणि त्याला खाणारे मित्रजीव धुळीत टिकत नाहीत. तिथे सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारणं हाच पहिला उपाय.

तेव्हा यंदा भाताचा युरिया भातालाच राहू द्या. जास्वंदीला कुजलेलं शेणखत घाला, सोबत थोडी चुलीतली राख. आपल्या आम्लधर्मी तांबड्या मातीला ती चालते आणि तिच्यातून पालाश मिळतं. दाटी झालेल्या फांद्या छाटा, निदान पाच-सहा तास ऊन पोचू द्या, पागोळ्यांचं पाणी चर काढून वळवा. कीड लागलेला शेंडा खुडून जाळा. एवढं करूनही कीड हटली नाही, तरच निंबोळी अर्काकडे वळा. जागा आणि खत तसंच ठेवून मारलेली फवारणी फार दिवस पुरत नाही. मोकळ्या उन्हात, बेताच्या खतावर वाढलेलं झाड बरीचशी कीड स्वतःच थोपवतं.

पुढच्या भागात : कुंडीतली माती आणि मुळांवरची कीड.