इराण : वर्तमानपत्रांतला विरोधी पक्ष

मे १९९७ मध्ये मोहम्मद खातमी सुमारे ७० टक्के मते घेऊन इराणचे अध्यक्ष झाले. त्यांच्या बाजूच्या सुधारणावाद्यांकडे मते होती, पण गावोगाव बांधलेला पक्ष नव्हता. ती उणीव वर्तमानपत्रांनी भरून काढली. इराणमधला राजकीय बदल का अडला, हे निवडणुकांच्या निकालांपेक्षा या वर्तमानपत्रांच्या कहाणीतून अधिक कळते.

फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘जामेए’ निघाले. संपादक होते माशाल्लाह शम्सुलवाएझिन. रिव्होल्युशनरी गार्डचे प्रमुख रहीम सफवी यांनी बंद दाराआड माना आणि जिभा छाटण्याची भाषा केली, ती या पत्राने छापली. जुलैत ते बंद पडले. लगोलग त्याच मंडळींनी ‘तूस’ काढले. सप्टेंबरात तेही गेले. मग ‘नशात’, मग ‘अस्र-ए-आझादेगान’. खातमींचे सांस्कृतिक मंत्री मोहाजेरानी परवाने देत आणि न्यायालये पत्रे बंद करत. लोकांनी निवडलेली सत्ता आणि न निवडलेली सत्ता यांचे भांडण रोज सकाळी पेपरच्या स्टॉलवर दिसत होते.

१९९८ च्या अखेरीस दारिउश आणि परवाने फोरूहर या विरोधी राजकारणातल्या दांपत्याचा राहत्या घरी खून झाला. पाठोपाठ मोख्तारी आणि पुयांदे हे लेखक मारले गेले. जानेवारी १९९९ मध्ये आपल्याच माणसांचा हात असल्याचे गुप्तचर मंत्रालयाला कबूल करावे लागले. पत्रकार अकबर गंजी यांनी हा माग बड्या धेंडांपर्यंत नेला आणि त्यासाठी तुरुंगात वर्षे काढली.

या संघर्षाला धर्म विरुद्ध स्वातंत्र्य असे नाव देणे मला चुकीचे वाटते. ‘खोरदाद’ हे वर्तमानपत्र चालवणारे अब्दुल्ला नूरी स्वतः धर्मगुरू होते; १९९९ मध्ये त्यांना धर्मगुरूंच्याच विशेष न्यायालयाने ५ वर्षांची शिक्षा दिली. ‘जो निवडून आलेला नाही, त्याला जाब कोण विचारणार?’ हा या साऱ्यांचा प्रश्न होता.

फेब्रुवारी २००० मध्ये सुधारणावाद्यांनी संसदही जिंकली. २० एप्रिलला सर्वोच्च नेते खामेनी यांनी काही वर्तमानपत्रांना शत्रूचे तळ म्हटले आणि काही दिवसांत डझनाहून अधिक नियतकालिके बंद झाली. त्यासाठी वापरलेला कायदा शहाच्या राजवटीतला, १९६० चा, गुन्हेगारांची हत्यारे जप्त करण्यासाठीचा! ऑगस्टमध्ये नवी संसद वृत्तपत्र कायदा सुधारायला बसली, तर कायद्याला हात लावू नका असे खामेनींचे पत्र आले आणि सभापती कर्रुबी यांनी चर्चाच थांबवली. माझ्या मते खातमींची चळवळ त्या दिवशी हरली. २००४ च्या संसदीय निवडणुकीत दोन हजारांवर उमेदवार अपात्र ठरवले गेले, तेव्हा ओरड करायला सुधारणावाद्यांची मोजकीच पत्रे उरली होती.

तरीही इराणी पत्रकारांनी लेखणी टाकली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पोलीस कोठडीत कोसळलेल्या महसा अमिनीची बातमी ‘शर्घ’च्या निलुफर हामेदींनी रुग्णालयातून दिली, तर ‘हम-मिहन’च्या इलाहे मोहम्मदी तिच्या अंत्यसंस्काराच्या बातमीसाठी तिच्या गावी, सक्केझला गेल्या. दोघींनी सव्वा वर्षाहून अधिक काळ कैद भोगली. इराणमध्ये सुधारक अध्यक्ष आल्याची बातमी पुन्हा कधी वाचाल, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांचे काय चालले आहे तेही जरूर पाहा.