उपग्रह व उच्चस्तरीय मंच संदेशवहन

उपग्रह व उच्चस्तरीय मंच संदेशवहन : पृथ्वीभोवती फिरणारे कृत्रिम उपग्रह अथवा स्थितांबरात दीर्घकाळ ठेवलेली विमाने, बलून व वायुनौका यांवर प्रेषक व ग्राही बसवून केलेले बिनतारी संदेशवहन. भ्रमणध्वनीचा जमिनीवरील मनोरा काही किमी. परिसरातच उपयोगी पडतो. विरळ वस्तीचे डोंगराळ प्रदेश, वाळवंटे व बेटे येथे मनोऱ्यांचा खर्च भरून निघत नाही आणि तेथील माणसे संदेशवहनाच्या जालाबाहेर राहतात. मनोराच आकाशात नेणे हा यावरील उपाय होय; तो किती उंच न्यावयाचा, यावर या पद्धतीचे बहुतेक गुणदोष अवलंबून असतात.

विषुववृत्तावर ३५,७८६ किमी. उंचीवरून पृथ्वीच्या परिवलनाच्या दिशेने फिरणारा उपग्रह जमिनीवरून स्थिर दिसतो. असे तीन उपग्रह जवळजवळ सर्व जगास पुरतील, हे आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले व १९६५ मध्ये ‘अर्ली बर्ड’ या उपग्रहाद्वारे व्यापारी सेवा सुरू झाली. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथील भूकेंद्र १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. १९७५–७६ मध्ये ‘एटीएस–६’ या अमेरिकन उपग्रहावरून भारतातील सहा राज्यांच्या सु. २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले (या सहांत महाराष्ट्र नव्हता). अशा एकमार्गी प्रक्षेपणास ही उंची उत्तम ठरते. संभाषणात मात्र संदेश वर जाऊन खाली येण्यास सु. पाव सेकंद लागतो व प्रश्न आणि उत्तर यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर पडते. शिवाय तरंगांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. इतर गोष्टी समान मानल्यास ५५० किमी.वरून येणारा संदेश भूस्थिर कक्षेतून येणाऱ्या संदेशाच्या सु. ४,२०० पट, तर २० किमी.वरून येणारा सु. ३२ लक्ष पट तीव्र असतो.

उपग्रह खाली आणला की तो स्थिर राहत नाही. ५५० किमी. उंचीवर त्याचा वेग सेकंदाला सु. ७·६ किमी. असून एका ठिकाणाहून तो काही मिनिटेच दिसतो. म्हणून उपग्रहांची मालिकाच लागते व चालू संभाषण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावे लागते. ‘इरिडियम’ योजनेत आरंभी ७७ उपग्रह कल्पिले होते व त्या अणुक्रमांकाच्या मूलद्रव्याचे नाव तिला दिले गेले. पुढे ६६ च पुरेसे ठरले, नाव तेच राहिले. नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झालेली ही सेवा चालविणाऱ्या कंपनीचे ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळे निघाले. दूरध्वनिसंच महाग होता, घरात तो चालत नसे आणि दरम्यान जमिनीवरील भ्रमणध्वनी स्वस्त झाला होता. उपग्रह मात्र वाचले व नव्या मालकीखाली सेवा चालू राहिली. पुन्हा वापरता येणाऱ्या अग्निबाणांमुळे खर्च घटल्यावर ही कल्पना नव्याने पुढे आली. २०१९ पासून ‘स्टारलिंक’चे हजारो उपग्रह सोडण्यात आले. ‘वनवेब’चे ७२ उपग्रह २०२२ व २०२३ मध्ये श्रीहरिकोटा येथून भारतीय अग्निबाणांनी सोडले.

स्थितांबरातील सु. २० किमी. उंची गणिताच्या दृष्टीने सर्वांत आकर्षक आहे. तेथे वारे तुलनेने सौम्य असतात, प्रवासी विमानांची वर्दळ नसते व क्षितिज सु. ५०० किमी.वर असते. तथापि हवेची घनता समुद्रसपाटीच्या सु. १/१४ असल्याने विमानाचे पंख लांब व अतिशय हलके, म्हणून नाजूक, करावे लागतात. दिवसा सौर विद्युत् मिळते. रात्रीसाठी विद्युत् घटांचे वजन वाहावे लागते. खरी कसोटी रात्रीचीच असते. ‘हेलिऑस’ हे विमान २००१ मध्ये २९ किमी.हून अधिक उंच गेले, पण २००३ मध्ये हवाई बेटांजवळ मोडून समुद्रात पडले. ‘झेफिर’ हे विमान २०२२ मध्ये ६४ दिवस हवेत राहिले. ‘लून’ योजनेतील बलूनांना एंजिन नव्हते. निरनिराळ्या उंचीवरील वारे निरनिराळ्या दिशांनी वाहतात. हवा तितका चढउतार करून अनुकूल वारा गाठावयाचा, अशी ही चतुर युक्ती होती. २०१७ च्या चक्रीवादळानंतर प्वेर्त रीकोत व २०२० मध्ये केन्यात तिने सेवा दिली. खर्च पुरेसा उतरेना म्हणून २०२१ मध्ये योजना बंद झाली. तंत्र साधले, व्यवहार साधला नाही.

शहरातील मनोऱ्यांची जागा या पद्धती घेतील, ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. उंचावरून पडणारा तरंगांचा झोत विस्तृत प्रदेश व्यापतो व त्यातील सर्वांना एकाच कंप्रतापट्ट्यात वाटेकरी व्हावे लागते. मनोऱ्यांमुळे तोच पट्टा थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येतो. सु. १० गिगॅहर्ट्झच्या वरील कंप्रतांना पावसाचाही अडथळा होतो, हे कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात विशेष लक्षात घ्यावे लागते.

कक्षांतील गर्दी हा याहून कठीण प्रश्न आहे. २००९ मध्ये एक इरिडियम उपग्रह व निकामी झालेला एक रशियन उपग्रह सायबीरियावर आदळून हजारो तुकडे झाले. उपग्रहांच्या प्रकाशरेषा दुर्बिणींच्या छायाचित्रांत उमटतात, अशी ज्योतिर्विदांची तक्रार आहे. कार्यकाल संपलेला उपग्रह २५ वर्षांत वातावरणात उतरवून जाळावा असा पूर्वी संकेत होता. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने २०२२ मध्ये नीच कक्षांसाठी ही मुदत पाच वर्षांवर आणली.