एकशे बारा : हाक आणि हाकेचे ठिकाण

फोनला कुलूप असो, पॅटर्न माहीत नसो, रिचार्ज संपलेले असो, पडद्याच्या तळाशी एक ओळ कायम उघडी असते : ‘आपत्कालीन कॉल’. रस्त्यात पडलेल्या माणसाच्या खिशातला फोन अनोळखी हातात आला, तरी त्यावरून ११२ लावता येतो. मालकाची परवानगी न विचारता फोन करू देतो अशा मोजक्या कामांतले हे एक. त्यामागची यंत्रणा गेल्या चाळीसेक वर्षांत फार विचारपूर्वक उभी राहिली आहे. तरीही तिचा सगळ्यात नाजूक सांधा तंत्रज्ञांना अजून पक्का करता आलेला नाही. हाक केंद्रापर्यंत पोहोचते, पण ती कुठून आली हे पुष्कळदा हाक देणाऱ्यालाच सांगावे लागते.

फोनच्या लेखी ११२ हा मुळात नंबरच नसतो. दहा आकडी नंबर दाबला की फोन तो जसाच्या तसा नेटवर्ककडे देतो आणि पुढची वाट नेटवर्क शोधते. ११२ मात्र फोन स्वतः ओळखतो. जीएसएम या मोबाइल मानकातच ११२ संकटाचा क्रमांक म्हणून नोंदलेला आहे. शिवाय सिमकार्डावर अशा क्रमांकांची एक छोटी यादी असते आणि नेटवर्कही आपली यादी फोनला कळवू शकते. ओळख पटली की फोन आकडे बाजूला ठेवतो आणि ‘हा संकटातला कॉल आहे’ अशी वेगळीच विनंती टॉवरकडे धाडतो. तो कोणत्या केंद्राकडे न्यायचा हे मग टॉवरच्या जागेवरून ठरते. यादीत नसलेला क्रमांक, मग तो कितीही महत्त्वाचा असो, साध्या कॉलसारखा जातो.

या वेगळ्या विनंतीला तीन सवलती मिळतात. पहिली टॉवरची. आपल्या कंपनीची रेंज नसेल, तर फोन जवळच्या दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा टॉवर धरू शकतो. पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसते, त्याचा अर्थ हाच. दुसरी सवलत गर्दीतली. यात्रेत किंवा मोठ्या अपघाताच्या जागी टॉवरवर ताण आला की साधे कॉल थोपवता येतात. संकटाच्या विनंतीवर तशी खूण असल्याने तिला वाट मिळते. तिसरी सवलत सिमकार्डाची. मानकानुसार सिम नसलेल्या फोनवरूनही हा कॉल लागू शकतो. ती मुभा द्यायची की नाही हे प्रत्येक देश ठरवतो. या सवलतींवरून एक गैरसमज मात्र पसरला आहे. कुठेच रेंज नसली तरी ११२ लागतोच, असे सांगणारे संदेश फिरत असतात. ते खरे नाही. एकाही कंपनीचा टॉवर पोहोचत नसेल, तर साध्या फोनवरून ११२ लागत नाही. डोंगरात अडकलेल्याने या समजुतीवर विसंबून एका जागी बसणे धोक्याचे ठरू शकते.

संकटासाठी वेगळा क्रमांक हवा, हा धडा लंडनमधल्या एका आगीने दिला. नोव्हेंबर १९३५ मध्ये विम्पोल स्ट्रीटवर लागलेल्या आगीत पाच स्त्रिया मरण पावल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन केला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत तो ताटकळत राहिला. ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. तो लागला की एक्स्चेंजमध्ये दिवा पेटायचा आणि भोंगा वाजायचा. त्या वेळी १११ चा विचार मागे पडला, कारण वाऱ्याने तारा एकमेकींना घासल्या तरी एक्स्चेंजला तो क्रमांक फिरवल्याचा भास होऊ शकत असे. अमेरिकेत १९६८ मध्ये ९११ आला. युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये ११२ हा सामाईक क्रमांक ठरवला आणि मोबाइलच्या मानकाबरोबर तो जगभर पोहोचला.

भारतात पोलिसांना १००, आगीला १०१ आणि रुग्णवाहिकेला १०२ अशी जुनी वाटणी होती. त्यात महिलांसाठी १०९१, मुलांसाठी १०९८, राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ अशी भर पडत गेली. २००५ मध्ये हैदराबादहून सुरू झालेली १०८ ची रुग्णवाहिका सेवा पुढे अनेक राज्यांनी स्वीकारली. संकटात सापडलेल्या माणसाने आधी संकटाचा प्रकार ठरवावा आणि मग आकडा आठवावा, अशी ही व्यवस्था होती. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या ‘निर्भया’ अत्याचार प्रकरणानंतर एकाच क्रमांकाच्या मागणीला जोर आला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये ११२ ची शिफारस केली. निर्भया निधीतून यंत्रणा उभी राहू लागली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात ती सर्वांत आधी सुरू झाली. दरम्यान, १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचे बटण सक्तीचे झाले. साध्या फोनवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरायचे, स्मार्टफोनवर चालू-बंदचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे, असा नियम झाला.

महाराष्ट्रात ११२ ची सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. तिचे मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे येथे आहे, दुसरे नागपुरात. कॉल तिथे घेतला जातो, घटनेची नोंद संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून गस्तीवरच्या गाडीतल्या पडद्यावर उमटते. रुग्णवाहिकेसाठी १०८ ची सेवा आहे. राज्यात ती २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ताफा ९३७ गाड्यांचा होता. त्यांतल्या २३३ गाड्या अतिदक्षतेच्या साधनांनी सज्ज होत्या आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक सोयींच्या. गाडीत डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य, आणि पुण्यातल्या औंधमधून तिचे नियंत्रण चालते. खेड्यापाड्यांत ‘एकशे आठला लावा’ हे शब्द आता ‘डॉक्टरला बोलवा’ इतके तोंडी बसले आहेत.

खरी कसोटी मात्र कॉल लागल्यानंतर सुरू होते. लँडलाइन भिंतीला बांधलेली असे. तिचा नंबर कळला की एक्स्चेंजच्या नोंदीत घराचा पत्ता सापडे. बोलणाऱ्याची शुद्ध हरपली तरी घर हरवत नसे. मोबाइलने माणसाला तारेतून सोडवले आणि त्याच वेळी कॉलला पत्त्यापासून तोडले. सिमकार्डाच्या नोंदीत साताऱ्याचा पत्ता असतो आणि कॉल येतो कसारा घाटातून.

नेटवर्कला स्वतःहून जे माहीत असते ते टॉवरपुरते. टॉवरवरचे अँटेना बहुधा तीन दिशांना वाटलेले असतात, म्हणजे वर्तुळाचा एक तृतीयांश तुकडा कळतो. अंतर मोजण्याची युक्ती मात्र विलक्षण सुंदर आहे. टूजीमध्ये अनेक फोन एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतात. लांबच्या फोनचा आवाज वाटेत क्षणभर उशिरा पोहोचून दुसऱ्याच्या पाळीत शिरू नये, म्हणून टॉवर प्रत्येक फोनला किती लवकर बोलायला सुरुवात करायची ते सांगतो. ही घाई ० ते ६३ अशा पायऱ्यांत मोजतात. एक पायरी म्हणजे सुमारे ५५० मीटर, म्हणून टूजीच्या टॉवरची हद्द साधारण ३५ किलोमीटरवर संपते. बोलण्याची शिस्त राखण्यासाठी केलेल्या या मापातून फोनचे टॉवरपासूनचे अंतर आपोआप कळते. फोरजीत हीच पायरी सुमारे ७८ मीटरची आहे.

तरी हाती येते ती कंकणाची एक फाक. टूजीवरचा फोन टॉवरपासून पाच किलोमीटरवर असेल, तर ५५० मीटर रुंदीची ही फाक दहा किलोमीटरहून लांब भरते. क्षेत्रफळ सुमारे सहा चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दीड हजार एकर. उभ्या उसाच्या पट्ट्यात एवढ्या जागेत एक माणूस शोधायचा असतो.

यावरचा चांगला उपाय फोनमध्येच आहे. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये सुरू झालेल्या पद्धतीत संकटाचा कॉल लागताच फोन स्वतःच जीपीएस आणि वायफाय चालू करतो आणि काही सेकंदांत आपले ठिकाण अदृश्य एसएमएसने केंद्राकडे पाठवतो. बोलणाऱ्याला काहीच करावे लागत नाही आणि कॉल संपला की पाठवणे थांबते. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१६ मध्ये आली, आयफोनमध्ये २०१८ मध्ये. युरोपीय संघात मार्च २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्मार्टफोनला ती सक्तीची आहे. पण फोनने पाठवलेले ठिकाण घ्यायला समोरचे केंद्र आणि मधली कंपनी जोडलेली लागते, आणि साध्या बटणांच्या फोनमध्ये ही सोय नसते. ज्यांच्याकडे स्वस्तातला फोन आहे, त्यांचे ठिकाण सांगायला म्हणूनच अजून माणूसच लागतो.

तो माणूस म्हणजे केंद्रात कानाला हेडफोन लावून बसलेली कर्मचारी. रात्री साडेदहाची वेळ घ्यावी. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीची असल्याने उसाला पाणी द्यायला गेलेल्या एकाला साप चावतो. कॉल येतो : ‘साप चावलाय, गाडी पाठवा लवकर.’ ती विचारते, ‘दादा, गाव कुठलं?’ उत्तर येते, ‘वडगाव.’ महाराष्ट्रात वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव निंबाळकर आहे, पेठ वडगाव आहे. पिंपळगाव बसवंत नाशकात, तर पिंपळगाव हरेश्वर जळगावात. ‘तालुका कुठला?’ हा दुसरा प्रश्न म्हणूनच जीव वाचवणारा असतो, आणि ‘बुद्रुक की खुर्द?’ हा तिसरा. थोरल्या आणि धाकट्या गावाला जुन्या दप्तरांनी दिलेली ही फारसी नावे पाटीवर बारीक अक्षरांत असतात. बोलताना ती गाळलीच जातात. दोन्ही गावांच्या मध्ये ओढा असेल आणि पूल पाण्याखाली असेल, तर एका शब्दाची चूक गाडीला तासभर फिरवते.

यानंतर ती खुणा गोळा करते. फाटा कुठला, एसटीचा थांबा, शाळा, पाण्याची टाकी, विजेची डीपी. ‘डीपीच्या मागं पाटलांची वस्ती’ हा शहरी कानाला पत्ता वाटत नाही, पण गाडीच्या चालकाला तो पिनकोडपेक्षा उपयोगी पडतो. ‘फाट्यावर बॅटरी घेऊन कुणाला तरी उभं करा’ ही तिची सूचना साधी आहे, आणि अंधाऱ्या रानात तिला पर्याय नाही. रुग्णाला हलवू नका, चालवू नका, जखमेवर चीर देऊ नका, हेही त्याच बोलण्यात सांगायचे असते. समोरचा ओरडत असतो, रडत असतो, मध्येच फोन दुसऱ्याच्या हातात जातो. अशा वेळी आवाज न चढवता तोच प्रश्न पुन्हा विचारणे ही या कामातली सर्वांत अवघड विद्या, आणि तिचे मोल कोणत्याही यंत्राहून कमी नाही.

अडचणींची यादी मोठी आहे. पहिली हद्दीची. कॉल टॉवर पाहून वळवला जातो, आणि रेडिओलहरींना सीमा ठाऊक नसते. चंदगडच्या टोकाला फोनने कर्नाटकातला टॉवर धरला, तर हाक शेजारच्या राज्याच्या केंद्रात जाऊ शकते. दूरसंचार परवान्यांत महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक मंडळ आहे, तर मुंबईचे मंडळ वेगळे. त्यामुळे नंबर कोणत्या मंडळाचा आहे यावरून राज्य ठरवता येत नाही. टॉवर कुठे उभा आहे हेच पाहावे लागते. सह्याद्रीच्या धारेवर देशाच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा फोन खालच्या कोकणातला टॉवर धरू शकतो, आणि मग नकाशावरचा ठिपका डोंगराच्या दुसऱ्याच अंगाला पडतो.

दुसरी अडचण मुक्या कॉलची. खिशात दाबले गेलेले बटण, मुलांच्या हातातला जुना फोन, मुद्दाम केलेली थट्टा. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये अँड्रॉइड फोनचे बाजूचे बटण पाच वेळा दाबले गेल्याने ९९९ वर नकळत लागणारे कॉल इतके वाढले, की पोलिसांना जाहीर आवाहन करावे लागले. जर्मनीने २००९ पासून सिमशिवाय ११२ बंद केला, कारण अशा फोनवरून गैरवापराचे कॉल फार येत होते. पण मुका कॉल सरसकट सोडून देता येत नाही. दार लावून मारहाण होत असलेल्या घरातली बाई बोलू शकत नाही. बहिऱ्या-मुक्या माणसाला बोलताच येत नाही. एसएमएस आणि ‘११२ इंडिया’ हे ॲप त्यासाठीच आहेत, फक्त त्यांची माहिती गरजूंपर्यंत पुरेशी गेलेली नाही.

तिसरी अडचण नव्या तंत्राची. जुनी जाळी बंद होऊ लागली की काही फोनवर साधे कॉल लागतात, पण संकटाचा कॉल लागत नाही. त्यांचा ११२ किंवा ९११ अजून जुन्याच जाळ्यावर जाऊ पाहतो. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्रीजी बंद करताना असे फोन शोधून ते नेटवर्कवरून बंद करावे लागले. जिथे जिथे टूजी-थ्रीजी आवरले जाईल, तिथे हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

चौथी अडचण माणसांच्या मनातली. अपघात पाहूनही ‘पोलिसांच्या फेऱ्यात कोण अडकेल’ म्हणून फोन न करणारे अजून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात आले. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे शाळेत, ग्रामसभेत, एसटी स्थानकावर सांगितले जायला हवे.

तोवर ठिकाण सांगण्याची सवय हाच खात्रीचा उपाय उरतो. काय झाले ते सांगण्याआधी कुठे झाले ते सांगावे : जिल्हा, तालुका, गावाचे पूर्ण नाव, मग खूण. महामार्गावर किलोमीटरचा दगड आणि कोणत्या शहराकडे जाणारी बाजू, एवढे सांगितले तरी पुरते. कॉल चुकून लागला असेल तर न कापता तसे सांगावे. कापलेल्या कॉलमागे केंद्राचा वेळ जातो. आणि बोलणे झाल्यावर फोन मोकळा ठेवावा. गाडी फाट्यापर्यंत आली की चालक त्याच नंबरवर विचारतो, ‘आता उजवीकडं की डावीकडं?’ शेवटचा अर्धा किलोमीटर त्या एका उत्तरावर सापडतो.