बाळाचा खाऊ आणि विमानतळाची तपासणी

बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात 100 मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही. हा नियम 2006 साली लंडनहून निघणारी विमानं स्फोटाने उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यानंतर अनेक देशांत लागू झाला. तान्ह्या बाळाचं दूध आणि मऊ खाणं मात्र त्यातून वगळलेलं आहे. मुख्य अट ही, की ते प्रवासापुरतं असावं. नाचणीसत्त्व, दूध पावडर अशा कोरड्या वस्तूंना तर ही मर्यादा नाहीच. म्हणून सत्त्व कोरडंच न्यावं आणि गरम पाण्यासाठी रिकामा थर्मास वेगळा. पातळ खीर, फळांचा गर हे द्रवातच मोडतं. ते पिशवीच्या तळाशी कोंबू नका. ट्रेमध्ये वेगळं ठेवा आणि ‘बाळाचं आहे’ असं आधीच सांगा. जवान बाटली यंत्रातून पुन्हा तपासतील, क्वचित झाकण उघडायला लावतील. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

आईचं दूध काढून नेत असाल तर देशागणिक फरक पडतो. अमेरिकेत बाळ सोबत नसलं तरी ते नेता येतं, बर्फाच्या पिशव्यांसकट. ब्रिटनमध्ये मात्र गोठवलेलं दूध हातातल्या सामानात चालत नाही. परतीच्या विमानतळाचे नियमही निघण्याआधीच पाहून ठेवा.