शर्ट मुलाखतीचा, जॅकेट रस्त्याचे

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हा नोकरी आणि घर यांच्यात अंतर असे ते सेक्टरमधल्या क्वार्टरपासून कारखान्याच्या गेटपर्यंत, सायकलने कापण्याजोगे. आज भिलाई-दुर्गच्या पदवीधर मुलामुलींची नोकरी नंदिनी रोडच्या किंवा हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत असू शकते, रसमडात असू शकते, नाहीतर थेट रायपूरपलीकडच्या उरला-सिलतऱ्यात. गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. त्यामुळे ‘मुलाखतीला या’ हा निरोप आता बहुतेक वेळा खासगी कारखाना, रुग्णालय, शाळा किंवा शोरूमकडून येतो. दुर्ग-रायपूर मार्गावर लोकल गाड्या आहेत, पण स्टेशनपासून कारखान्याच्या गेटपर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर त्या गाठून देत नाहीत. म्हणून घरातली दुचाकी बाहेर निघते आणि इस्त्रीच्या कपड्यांचा प्रश्न उभा राहतो. भांग विस्कटू नये म्हणून हेल्मेट हँडलला लटकते, शर्ट चुरगळू नये म्हणून जॅकेट घरीच राहते. वास्तविक, रस्ता आणि मुलाखत यांच्या गरजा वेगळ्या आहेत. त्या एकाच पोशाखात भागवायच्या ठरवले की दर वेळी रस्त्याची गरज मागे पडते. शहाणपणाचा मार्ग साधा आहे: रस्त्याचे कपडे वेगळे, मुलाखतीचे वेगळे, आणि दोन्हींच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटांची मोकळीक.

आधी रस्त्याचे पाहू, कारण तिथली चूक दुरुस्त होत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. हेल्मेट न घातलेले मृत त्यांत ५०,०२९ होते, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या निष्कर्षानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हे आकडे रोजच्या प्रवासाचे आहेत, पण मुलाखतीची सकाळ रोजच्यासारखी नसते. रस्ता अनोळखी, घड्याळाकडे लक्ष, मनात प्रश्नोत्तरांची उजळणी आणि जी. ई. रोडवर बाजूने धावणारे ट्रक. ज्या दिवशी चालवणाऱ्याचे लक्ष सर्वांत कमी असण्याची शक्यता, नेमक्या त्याच दिवशी संरक्षण उतरवून ठेवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. कायद्याचा हिशेबही तोच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात विनाहेल्मेट चालवण्यासाठी हजार रुपये दंड आणि तीन महिने परवान्यासाठी अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. नुसते डोक्यावर ठेवून भागत नाही. हेल्मेट प्रमाणित हवे आणि त्याचा पट्टा बांधलेला हवा.

मानेखालच्या शरीराचा विचार आपल्याकडे त्याहून कमी होतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरातल्या अपघातग्रस्त दुचाकीस्वारांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दुचाकीसाठी बनवलेले जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता सुमारे एकपंचमांशाने कमी होती. हातमोजे घातलेल्यांमध्ये ती निम्म्याहून कमी आढळली. हातमोजे घालणारा मुळातच सावध चालवत असेल, ही शंका रास्त आहे, आणि अशा अभ्यासातून ती पूर्ण फिटत नाही. तरी पडताना माणूस आधी हात टेकतो आणि डांबरावर कातडी सोलते, हे समजायला आकडे लागत नाहीत. मुलाखतीला जाणाऱ्याने लक्षात घ्यावा असा आणखी एक निष्कर्ष न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा आहे. २००४ च्या त्या अभ्यासात चमकणारे किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांचा गंभीर अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी होता, आणि काळ्याच्या तुलनेत पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांचा २४ टक्क्यांनी. गडद पँट, काळा कोट, काळे हेल्मेट हा औपचारिक थाट खोलीत शोभतो. रस्त्यावर तो चालकाला दिसेनासा करतो. वरून घातलेली शंभर-दोनशे रुपयांची परावर्तक बंडी ही उणीव भरून काढते.

यावर पहिला आक्षेप येतो तो छाप पडण्याचा. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ हे घरातली वडीलधारी माणसे सांगतात आणि ते उगाच नाही. विलिस आणि टोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले की चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी माणूस समोरच्याच्या विश्वासार्हतेबद्दल मत बनवून मोकळा होतो. म्हणून स्वच्छ शर्ट, विंचरलेले केस, पुसलेले बूट यांचे महत्त्व नाकारायचे नाही. पण छाप खोलीत पडते, रस्त्यावर नाही. आणि मुलाखतीचा शर्ट खराब होतो तो जॅकेटमुळे कमी, जॅकेट नसल्यामुळे जास्त. सिलतऱ्याच्या बाजूला स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी भुकटी हवेत असते. उघड्या पांढऱ्या कॉलरवर ती बसली की रुमालाने पुसताना आणखी पसरते. कडक इस्त्रीचा शर्ट गुंडाळी करून पिशवीत ठेवावा, प्रवास साध्या टी-शर्टवर जॅकेट घालून करावा आणि पोहोचल्यावर शर्ट बदलावा. केसांसाठी हेल्मेटखाली पातळ सुती टोपी, खिशात कंगवा आणि तोंडावर पाणी मारायला पाच मिनिटे एवढे पुरते. शिवाय भिलाईसारख्या गावात हातात हेल्मेट घेऊन आलेला उमेदवार गबाळा दिसण्याचे कारण नाही. जिथे हेल्मेट आणि सेफ्टी शूज घातल्याशिवाय कारखान्याच्या शॉपमध्ये पाऊल टाकता येत नाही, तिथला अधिकारी ती वस्तू चांगली ओळखतो.

मुलींच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण पोशाखाची अपेक्षाही जास्त आणि धोकाही. मुलाखतीसाठी सलवार-कमीझ घालून किंवा साडी नेसून स्कूटरवर बसले की दुपट्टा किंवा पदर चाकाच्या जवळ जातो. कपड्यांच्या या धोक्याची दखल कायद्यानेही घेतलेली आहे: १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागचे चाक निदान अर्धे झाकणारे आवरण बंधनकारक करतो, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. हौसेने बदललेल्या गाड्यांवरून हेच आवरण आधी काढले जाते. उन्हापासून चेहरा झाकायला बांधलेला स्कार्फ हेल्मेटची जागा घेत नाही. त्याच्या जाड गाठीमुळे हेल्मेट नीट बसतही नाही. दुपट्टा घडी करून डिकीत ठेवावा, अंबाडा हेल्मेटच्या कडेखाली येईल असा खाली बांधावा आणि साडी नेसायचीच असेल तर ती तिथे पोहोचल्यावर.

दुसरा आक्षेप उन्हाचा आणि पैशाचा. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा जॅकेटची गोष्ट क्रूर वाटू शकते. जाळीदार कापडाची जॅकेटे वारा आत येऊ देतात हे खरे, पण पहिली नोकरी शोधणाऱ्याला ती महाग पडतात हेही खरे. म्हणून क्रम ठरवावा: आधी प्रमाणित हेल्मेट, मग हातमोजे आणि बंद बूट, आणि जॅकेट जमेल तेव्हा, तोवर जाड, पूर्ण बाह्यांचे सुती काही वर चढवावे. नायलॉन-पॉलिएस्टर टाळावे, कारण घासल्याने ते तापून वितळते. पावसाळ्यात रेनसूट आणि कागदपत्रांसाठी जलरोधक पिशवी हवीच. आणि ठिकाण लोकलच्या स्टेशनजवळ असेल, तर गाडी घरी ठेवणे हेच सर्वांत चांगले.

हे सारे ओझे उमेदवाराच्याच माथी मारणे मात्र न्यायाचे नाही. कपडे बदलायला जागा नसेल, तर वेगळ्या कपड्यांचा सल्ला पोकळ ठरतो. शिवाय कपड्यांवरून पारख करण्यात संस्थेचाही फायदा नाही: श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पंचाऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात सर्वांना ठरावीक प्रश्न विचारून गुण देणाऱ्या मुलाखती कामातल्या यशाचा अंदाज सैल गप्पांपेक्षा चांगला बांधतात, असे दिसले. म्हणजे चुरगळलेल्या बाहीवरून माणूस जोखणारी संस्था स्वतःचेच नुकसान करून घेते. बोलावण्याच्या पत्रात तीन ओळी वाढवायला खर्च नाही: गाडी कुठे लावायची, हेल्मेट आणि पिशवी कुणाकडे द्यायची, हातपाय धुवायला आणि कपडे बदलायला कुठे जायचे. गेटवरच्या वॉचमनला तेवढे सांगून ठेवले तरी काम भागते. उमेदवाराकडून वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा मागणाऱ्या संस्थेने त्याला सुखरूप पोहोचण्याची सोय देणे, हा त्या मागणीचाच दुसरा भाग आहे.